साखरेच्या अलीकडचा काळ

मधुमेह म्हटला की प्रयोगशाळेतून आलेला कागद आपल्या डोळ्यांपुढे येतो. त्यावरील आकडा मर्यादेच्या अलीकडे असेल तर आपण निर्धास्त होतो आणि पलीकडे असेल तर त्या दिवसापासून स्वतःस रोगी समजू लागतो. परंतु शरीराचा जमाखर्च असा एका रात्रीत बुडत नसतो. स्नायू आणि यकृत इन्सुलिनची आज्ञा पूर्वीच्या तत्परतेने पाळीनासे होतात, ती तूट भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन स्रवत राहते, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या श्रमाने त्याची शक्ती ओसरू लागली म्हणजेच रक्तातील साखर वाढल्याची नोंद दप्तरी होते. रोगाचा दाखला हाती येण्यापूर्वीचा हा जो दीर्घ काळ, त्याविषयी येथे लिहावयाचे आहे. कारण त्या काळात माणूस निरोगी गणला जातो खरा, पण तो सुखाने जगत असतोच असे नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. भाजीची पिशवी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या कठड्याला धरून थांबत, पिशवी पायरीवर टेकवीत आणि विचारल्यास म्हणत, "वय झालं आता, दुसरं काय!" साखर तपासली तेव्हा ती मर्यादेतच निघाली आणि विषय तेथेच मिटला. जिन्यात थांबावे लागणे, गुडघे धरणे, झोप होऊनही अंगात तरतरी नसणे, कोणाकडे जाण्यायेण्याचा उत्साह मावळणे, या गोष्टींस आपण तक्रार मानीत नाही. जीवनमान मोजणाऱ्या शास्त्रीय प्रश्नावल्या मात्र नेमके हेच विचारतात, आणि निरनिराळ्या देशांत सर्वसाधारण लोकांच्या ज्या पाहण्या झाल्या त्यांत असे आढळले आहे की, ज्यांना पुढे मधुमेह होण्याचा संभव अधिक, त्यांचे शारीरिक जीवनमान निदानापूर्वीच उतरलेले असते. गुडघा दुखतो म्हणून चालणे सुटते की चालणे सुटले म्हणून घेर वाढून गुडघा दुखतो, याचा उलगडा अशा पाहण्यांतून होत नाही. बहुधा दोन्ही क्रिया एकमेकींना बळ देत असाव्यात.

मधुमेहाचा हा संभव आपल्या देशात सडपातळ दिसणाऱ्यांनाही का चुकत नाही, याचा एक मार्मिक पुरावा पुण्यात मिळाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! याचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथँप्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो, तरीही खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेतील चरबीचा थर, स्नायू इतके अपुरे असूनही, इंग्रज बालकाच्या थराहून फारसा कमी नव्हता. आपण कृश जन्मतो, पण चरबी राखून जन्मतो.

म्हणूनच वजनकाट्यापेक्षा कमरेचे माप आपल्याला अधिक खरे सांगते. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली भारतीयांसाठी जोखमीचे एक गुणपत्रक सिद्ध केले. त्यात वयाला अधिकात अधिक ३० गुण, आईवडिलांकडून आलेल्या वारशाला २०, कमरेच्या घेराला २० आणि व्यायामाच्या अभावाला ३०, असे एकूण १०० गुण आहेत. ६० वा त्याहून अधिक भरल्यास जोखीम मोठी समजावी. या हिशेबातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: वय आणि वारसा यांचे मिळून पन्नास गुण आपल्या हाती नाहीत, पण उरलेले पन्नास आहेत. चालताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेतो; सबब चालण्याचा लाभ महिन्यांनी नव्हे, त्याच दिवशी मिळू लागतो.

डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात, साखर वाढू लागलेल्या ज्या लोकांना नुसता नेहमीचा सल्ला दिला होता, त्यांतील शेकडा ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणे यांकडे सातत्याने लक्ष पुरविलेल्यांत हेच प्रमाण ३९ राहिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी आहेत. गोव्यात तर मधुमेह्यांचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. उंबरठ्यावरच्या या साडेतेरा कोटींपैकी ज्यांना उद्या मागे फिरता येईल, त्यांच्यासाठी ५५ आणि ३९ यांतील अंतर लहान नाही.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच, की शिवणाच्या डब्यातील मापाची टेप आज बाहेर काढावी. सरळ उभे राहून, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर माप घ्यावे. पुरुषांत ते ९० सेंटिमीटर किंवा अधिक, स्त्रियांत ८० किंवा अधिक भरले, तर या आठवड्यातच उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे. आणि साखर मर्यादेत निघाली तरी संध्याकाळचे चालणे त्याच दिवशी सुरू करावे.