अर्जुनीची ‘रजुनी’ होते तेव्हा

स्क्रीनवर ‘रजुनी मोरगाव’ उमटलं, तेव्हा ऑनलाईन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला आधी आपलंच बोट चुकलं असं वाटलं. त्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा ‘रजुनी’.

मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह डीच्या बटणावर असतं, आणि शिफ्ट दाबून तेच बटण दाबलं की ‘अ’ येतो. डी गेलं की ‘अर्जुनी’चा पहिला स्वरही जातो आणि रफारही. इंग्रजीत एखादं अक्षर गळालं तरी शब्द ओळखू येतो. इथे ‘सातबारा’ निभावतो, पण ‘प्रमाणपत्र’चं थेट ‘परमाणपतर’ होतं. 1986 मध्ये ठरलेली आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोने मानक म्हणून स्वीकारलेली ही मांडणी सुटसुटीत आहे खरी, पण तिचा सगळा भार अशा दोन-चार बटणांवर असतो.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा अर्जुनी मोरगाव तालुका धानाचा. इटियाडोहचं पाणी, नवेगावबांधचा तलाव आणि बांध्यांमागून बांध्या. धान विक्रीच्या नोंदणीच्या दिवसांत केंद्रासमोर सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेतलेली माणसं बसलेली असतात. अशा वेळी लॅपटॉप दुकानात ठेवून जाणं परवडत नाही. म्हणून केंद्रचालक तो काखेत मारून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेला आणि काउंटरसमोर उभाच राहिला.

“काय सांडलं जी?” दुरुस्तीवाल्याचा पहिला प्रश्न.

“काही नाही.” मग थोडं थांबून, “चहा. पण लगेच पुसला.”

दुरुस्तीवाल्याने हातात पेचकस घेतला नाही. आधी बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडला. त्याचं डी नीट चाललं, म्हणजे विंडोज आणि मराठीची सेटिंग ठीक. मग लॅपटॉपवरची सगळी बटणं एकेक दाबून पाहिली. डीसोबत ई, सी आणि 3 हीही एव्हाना मुकी झाली होती. म्हणजे ‘काना’ही गेला, ‘म’ही गेला. आता गावाचं नाव टाइप केलं तर ‘मोरगाव’मधला ‘म’ गायब आणि त्याची मात्रा ठिपक्यांच्या रिकाम्या गोलाला लटकलेली. केंद्रचालकाला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही.

एकच बटण बिघडलं असतं तर टोपी उचकटून, खालचा कचरा काढून भागलं असतं. टोपीखाली कात्रीसारखी एकमेकांत अडकलेली दोन नाजूक प्लास्टिकच्या चौकटी असतात, मध्ये रबराची वाटी. त्याखाली पातळ प्लास्टिकचे तीन पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीमिश्रित शाईच्या रेषा छापलेल्या, मधल्याला भोकं. बोट दाबलं की भोकातून वरची रेष खालच्या रेषेला टेकते. ऐंशी-शंभर बटणांना प्रत्येकी स्वतंत्र तार दिलेली नसते. साधारण आठ रेषा एका बाजूच्या, सोळा-अठरा दुसऱ्या बाजूच्या, आणि कोणती जोडी टेकली यावरून बटण ओळखलं जातं. चार बटणं पाठोपाठ गेली, याचा अर्थ त्यांची सामाईक रेष कुठेतरी तुटली. चहा वरून पुसला जातो. पापुद्र्यांत शिरलेला ओलावा मात्र ती शाई सावकाश खात बसतो. साखरेमुळे मुंग्या येतात ते वेगळंच.

रेष पुन्हा जोडता येत नाही असं नाही. वीजवाहक रंगाचा ठिपका देणारे कारागीर आहेत. पण पापुद्रे सोलताना शेजारची रेष फाटते, आणि महिनाभरात गिऱ्हाईक परत येतं. या दुकानात ते करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

म्हणून कीबोर्डच बदलायचा. जुन्या जाड लॅपटॉपांत हे काम दहा मिनिटांचं होतं: वरच्या कडेच्या खिट्ट्या दाबा, कीबोर्ड उचला, मदरबोर्डला जोडणारी पट्टी काढा, नवीन बसवा. लॅपटॉप पातळ झाले आणि कीबोर्ड वरच्या कव्हरलाच प्लास्टिकच्या वितळवलेल्या टाचण्यांनी जखडला गेला. आता तो काढायचा तर मागचं झाकण, बॅटरी, मदरबोर्ड, पंखा सगळं उतरवावं लागतं. हा खर्च कंपनीने वाचवला आणि गिऱ्हाइकाच्या माथी मारला, असं म्हणायला हरकत नाही.

पाठीवरच्या नुसत्या मॉडेलच्या नावावर माल मागवला तर फसगत होते. त्याच नावाच्या दोन लॅपटॉपांत पट्टीची जागा वेगळी असते, एंटरचा आकार वेगळा असतो, कधी पॉवरचं बटण कीबोर्डमध्येच असतं. म्हणून लॅपटॉप उघडून जुन्या कीबोर्डच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो नागपूरला जातो. माल येईपर्यंत पॉवरटॉईज नावाच्या मोफत प्रोग्रॅमने कॅप्स लॉकला डीचं काम लावून दिलं आणि बाकीच्या तीन बटणांसाठी यूएसबी कीबोर्ड सोबत दिला. चार दिवस केंद्र असंच चाललं.

मालाचं पुडकं आलं त्या संध्याकाळी सगळ्यात आधी बॅटरीची पिन निघाली. स्क्रू एका कागदावर, लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून त्या-त्या जागी ठेवले गेले, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या कव्हरला फोड येतो. मग पट्टीच्या सॉकेटची काळी खिटी नखाने अलगद उभी केली. ती तुटली तर काम मदरबोर्डवर जातं. त्या क्षणी दुकानात कुणी बोलत नव्हतं. टाचण्यांची डोकी ब्लेडने तासली, नवीन कीबोर्ड बसवला, आणि तापत्या सोल्डरिंग गनने प्रत्येक टाचणी पुन्हा चपटी केली. जळक्या प्लास्टिकचा वास रस्त्यापर्यंत गेला.

जुना कीबोर्ड फेकला गेला नाही. त्याच्या टोप्या आणि कात्र्या सोडवून औषधाच्या रिकाम्या डबीत गेल्या. डबीवर पेनाने मॉडेल लिहिलं होतं, आणि आत अशाच दुसऱ्या कुठल्यातरी कीबोर्डचे दोन ‘एंटर’ आधीपासून पडलेले होते.