एकवीस पूर्ण, नाव यादीत

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पोराच्या ग्रामपंचायतीच्या अर्जावर मी सूचक म्हणून सही केली होती. छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत गेलो, तर समोरच्या पार्टीने हरकत घेतलेली: उमेदवाराला एकवीस वर्षं पूर्ण नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्या हिशेबाने पोराने एकविशी नुकतीच ओलांडली होती. पण हरकत घेणारा त्याच्याच आळीतला. तो म्हणाला, साहेब, हा पोळ्याला जन्मला, आमच्या घरून पुरणपोळी गेली होती त्याच्या आईला. पोळा अजून महिन्यावर होता. साहेबांनी चष्मा वर केला, दाखला पुन्हा पाहिला आणि अर्ज वैध ठरवला. पुरणपोळीचा पुरावा टिकला नाही.

१ जून ही आपल्याकडच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख आहे आणि ती मास्तरांनी दिलेली आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला पहिलीत घालायचं तर वय भरलेलं दिसायला हवं, आणि आईबापांना साल तेवढं अंदाजाने आठवायचं. त्या एका अंदाजावर पुढे नोकरी, निवृत्ती आणि उमेदवारी असं सगळंच चालत आलं.

स्थानिक निवडणुकीला उभं राहायला वयाची आणि रहिवासाची अट किती, असं कुणी विचारलं तर उत्तर एका ओळीत संपतं: एकवीस पूर्ण हवीत आणि मतदारयादीत नाव हवं. इथवर यायला मात्र शंभरावर वर्षं लागली आणि सुरुवातीला प्रश्न वयाचा नव्हताच, पैशाचा होता. मुंबईत १८७२ च्या कायद्याने नगरपालिकेत ६४ सभासद आले. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते, उरलेले निम्मे जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी आणि सरकारने मिळून. कर भरत नसलेल्याचं वय साठ असलं तरी त्याला कुणी विचारत नव्हतं. पुण्यात जोतीराव फुले १८७६ ते १८८२ नगरपालिकेत होते, तेही सरकारनियुक्त म्हणून. मुंबई महापालिकेला प्रौढ मतदान मिळालं ते १९४८ च्या निवडणुकीत, देश स्वतंत्र झाल्यावर.

घटना समितीत वयावर चर्चा झाली ती दिल्लीच्या आणि राज्यांच्या सभागृहांपुरती. राज्यसभेसाठी पस्तीस वर्षांची अट सुचवली गेली होती. ती तीसवर आणणारी दुरुस्ती मांडली दुर्गाबाईंनी, ज्या पुढे चिंतामणरावांशी लग्न झाल्यावर दुर्गाबाई देशमुख झाल्या. लोकसभा आणि विधानसभेला पंचवीस ठरली. गावाचं आणि शहराचं काय, हे राज्यांवर सोडलं होतं.

गावाची पाळी आली चार दशकांनी. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, शहरांसाठीची ७४वी १ जून १९९३ ला. (पुन्हा १ जून!) त्यांतली कलमं २४३ च आणि २४३ फ वाचताना मला दर वेळी गंमत वाटते. एकवीस वर्षांच्या माणसाला उभं राहण्याचा हक्क आहे, असं त्यांत सरळ कुठेच म्हटलेलं नाही. म्हटलंय ते असं: जो माणूस विधानसभेला अपात्र तो पंचायतीलाही अपात्र, मात्र एकवीस पूर्ण असतील, तर पंचवीस नाहीत एवढ्यावरून त्याला अपात्र ठरवायचं नाही. म्हणजे तरुणांना आत घेतलं ते परंतुकाच्या खिडकीतून. घटनेने मान्यता नंतर दिली, तरुण आधीच आत येऊन बसले होते. देवेंद्र फडणवीस नागपूर महापालिकेत बाविसाव्या वर्षी नगरसेवक झाले ते १९९२ मध्ये, दुरुस्ती लागू होण्याच्या वर्षभर आधी. महापौर १९९७ मध्ये.

दरम्यान १९८९ पासून मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं आणि एक चमत्कारिक तीन वर्षांची पट्टी तयार झाली. अठराच्या पोरीने ग्रामसभेत उठून सरपंचाला पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारावा, मतही द्यावं, पण त्या खुर्चीसाठी अर्ज भरायला आणखी तीन वर्षं थांबावं. या तीन वर्षांत तिला असं काय कळणार आहे, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने लोकसभा-विधानसभेसाठीच अठराची शिफारस केली. ती शिफारसच राहिली.

आपल्याकडे वयावरून भांडणं तशी थोडीच. २००१ नंतर तिसऱ्या अपत्याची अट आली, मग शौचालयाची, जात पडताळणीची. २०१७ मध्ये थेट निवडून येणारा सरपंच आला तेव्हा १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासचीही. छाननीला अर्ज उडतात ते बहुधा यांवरून. रहिवासाची अट मात्र या सगळ्यांच्या खाली निवांत पडून आहे, कारण तिचं नावच कुणी रहिवास असं घेत नाही. ती यादीत लपलेली आहे.

ग्रामपंचायतीला गावच्या यादीत नाव असलं की गावातल्या कुठल्याही प्रभागातून उभं राहता येतं. महापालिकेतही तेच, शहराच्या यादीत असाल तर राहा एका टोकाला आणि लढा दुसऱ्या टोकाला. किती वर्षं राहता, हे कुणी विचारत नाही. आणि ही यादी राज्य निवडणूक आयोग स्वतः तयार करत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागवार फोडायची, असा रिवाज आहे. त्या फोडण्यात अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात जाऊन पडली, की हरकतींच्या दिवशी इच्छुकांची पळापळ बघावी. विधानसभेच्या यादीत यायचं तर १९५० च्या कायद्याप्रमाणे माणूस तिथला ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ हवा. नुसतं घर मालकीचं असून चालत नाही, असं तो कायदा सांगतो आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास जात नाही, असंही सांगतो. पहिलं वाक्य मुंबईत राहून कोकणातलं घर बंद ठेवणाऱ्या चाकरमान्याच्या विरोधात जातं. दुसऱ्यावर कोयता घेऊन सहा महिने कारखान्याच्या फडात राहणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुराचं नाव टिकतं. प्रत्यक्षात दोघांचीही नावं यादीत असतात आणि मतदानाला दोघांसाठीही गाड्या जातात.

वरच्या पायरीवर तर हे सोंगही टाकून दिलं. राज्यसभेला उमेदवार त्या राज्यातला मतदार असण्याची अट होती, म्हणून आसामातून निवडून जाणाऱ्या मनमोहन सिंगांचा पत्ता गुवाहाटीतलं एक भाड्याचं घर होता. २००३ मध्ये अट काढली, पत्रकार कुलदीप नय्यर न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम ठेवला. खासदाराला राज्य लागत नाही, ग्रामपंचायत सदस्याला गाव लागतं. यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. गटार कुठे तुंबतं हे यादीतल्या पत्त्यावरून कळत नसलं, तरी निदान पत्ता तरी असावा. शिवाय यादीतल्या नावाचा कधी चांगलाही उपयोग होतो. २०२२ च्या डिसेंबरात मिरज तालुक्यातल्या वड्डीला एकवीस वर्षांची मुलगी सरपंच झाली. ती जॉर्जियात डॉक्टरकी शिकत होती. ती परत आली, नाव गावात होतंच, वय नुकतं भरलं होतं.

गेल्या काही वर्षांत मात्र वय आणि रहिवास दोन्ही ठीकठाक असूनही लोक उभे राहू शकले नाहीत, कारण निवडणूकच नव्हती. मुंबई, पुण्यासह मोठ्या महापालिकांची मतदानं फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, मुदती २०२२ मध्ये संपल्या आणि मग प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, न्यायालय असं करत प्रशासकांनी कारभार पाहिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांची मुदत घातली, तीही लांबली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. यादी १ जुलै २०२५ ची धरली होती. त्यानंतर अठरा पूर्ण केलेल्यांना मतदानही नव्हतं.

पुण्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला २०१७ च्या मार्चमध्ये एकवीस पूर्ण झाली, मतदानानंतर काही दिवसांनी. तेव्हा तो गल्लीतल्या गणेश मंडळाचा कार्याध्यक्ष होता, ढोलपथकात होता, पुढच्या वेळी तिकीट मागणार असं सगळ्यांना सांगत फिरायचा. पुढची वेळ आली तेव्हा तो तिशीला टेकला होता. मधल्या काळात लग्न झालं, मुलगी झाली, आणि परवडणारा फ्लॅट मिळाला तो हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या भागात. तिकडे त्याने मतदार नोंदणीचा अर्ज भरला आणि इकडचं नाव वगळायचा राहून गेला.

डिसेंबरात आईला भेटायला आला होता तेव्हा प्रभागाची यादी आमच्या जिन्यात चिकटवलेली होती. त्याने बोट फिरवत स्वतःचं नाव शोधलं. नावापुढे दोन फुल्या होत्या, दुबारच्या. आता केंद्रावर गेलास तर हमीपत्र द्यावं लागेल, मी म्हणालो. तो म्हणाला, काका, मत देतो की. मग मोबाइलने त्या ओळीचा फोटो काढला आणि चपला घालता घालता आईला विचारू लागला, डबा भरलाय का.