सावलीतली जागा

मुलांनो, माकडं किती भांडखोर असतात हे तुम्हाला सांगायला नको. पण आज ज्या माकडांची गोष्ट सांगणार आहे, त्यांनी एका वादळानंतर आपली वागणूकच बदलली. आणि ती मूळची आपल्याच देशातली बरं का!

१९३८ साली क्लॅरेन्स कारपेंटर नावाच्या शास्त्रज्ञाने भारतातून ४०९ माकडं जहाजाने नेली. उत्तर भारतात देवळांच्या पायऱ्यांवर दिसतात ना, तीच ही लाल तोंडाची जात. अटलांटिक ओलांडून ती पोचली कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ, कायो सांतियागो या जेमतेम पंधरा हेक्टरांच्या बेटावर. समोरच्या किनाऱ्यावर पुंता सांतियागो नावाचं गाव आहे. माकडं बेटावर मोकळी हिंडतात. माणसं रोज होडीने जाऊन त्यांना खाणं घालतात. आणि कोण कोणाजवळ बसतं, कोण कोणाला हुसकावतं, याची शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं नोंद ठेवतात.

२०१७ च्या सप्टेंबरात तिथे मारिया वादळ आलं. अशा वादळाला एवढी ताकद कुठून मिळते? समुद्राच्या उबेतून. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलताना वाफ लागली तर कसा चटका बसतो! वाफेच्या पोटात उष्णता दडलेली असते, आणि तिचं पुन्हा पाणी होताना ती बाहेर पडते. तापलेल्या समुद्रावरची वाफ वर चढते, ढगात तिचं पाणी होतं, सुटलेल्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली जाते. खाली दाब घटतो, चारी बाजूंनी वारे आत धावतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे गरगरू लागतात. मारिया एका दिवसात पहिल्या श्रेणीतून पाचव्या, म्हणजे सर्वांत जोरदार श्रेणीत गेलं. २० सप्टेंबरला प्वेर्तो रिकोवर आदळलं तेव्हा ते चौथ्या श्रेणीत होतं आणि वारा ताशी सुमारे २५० किलोमीटरचा होता.

सगळीकडे अंधार पडला. काही भागांत वीज यायला जवळजवळ वर्ष लागलं. सरकारने मान्य केलेला मृत्यूंचा अंदाज आहे २,९७५. यातले कितीतरी जीव वाऱ्याने घेतले नाहीत. नंतरच्या महिन्यांत वीज नाही, औषध नाही, रस्ता नाही, म्हणून ते गेले. पुंता सांतियागोच्या लोकांनी रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पाणी हवं, अन्न हवं’. वरून जाणाऱ्या विमानांना तरी दिसावं म्हणून.

आणि तरीही, घरं मोडलेली असताना, माकडांची देखभाल करणारी माणसं होडीने बेटावर गेली. मुक्या जिवांना खाणंपाणी द्यायला! बहुतेक माकडं वाचली होती. पण बेटावरची जवळजवळ दोन तृतीयांश हिरवळ नाहीशी झाली होती. उघड्यावर पारा चाळिशीच्या वर जायचा, आणि सावली उरली होती मोजक्या ठिकाणी.

आता भांडणं पेटतील, असंच कुणालाही वाटलं असतं. या जातीत मोठ्याचा मान फार कडक, धाकट्याने जवळ आलेलं खपत नाही. पण नोंदवह्या उघडल्या तेव्हा उलटंच दिसलं. सावलीच्या एका पट्ट्यात माकडं दाटीवाटीने बसत होती, एकमेकांना सहन करत होती. जुन्या दोस्तांनाच ती घट्ट धरून बसली नव्हती, त्यांनी नवे सोबती जोडले होते. आधी जी एकलकोंडी होती, त्यांनी तर सर्वांत जास्त. आणि ज्यांना जवळ बसू देणारे सोबती जास्त, त्यांची जगण्याची शक्यताही जास्त. सावली नुसती असून भागत नव्हतं, तिच्यात बसू देणारं कुणीतरी लागत होतं.

माणसांचंही पाहा. प्वेर्तो रिकोच्या डोंगरातल्या आदहुंतास गावात ‘कासा पुएब्लो’ नावाची लोकांची संस्था आहे. १९८० साली खाणींपासून डोंगर वाचवायला गावकऱ्यांनी ती उभी केली. १९९९ पासून तिच्या छपरावर सौरपट्ट्या आहेत. वादळानंतर आसपास काळोख असताना त्या घरात दिवा होता. दम्याचे, श्वासाचे रोगी आपली यंत्रं घेऊन तिथे येत. संस्थेने हजारो सौरकंदील घरोघर पोचवले. काग्वास शहरात लोकांनी सामूहिक स्वयंपाकघर सुरू केलं. कुणी शिधा आणी, कुणी भांडी घाशी, आणि जेवायला आलेला दुसऱ्या दिवशी वाढायला उभा राही. दूरची मदत वाटेत अडकली होती, तेव्हा शेजार पोचला होता.

माकडांच्या मनात काय होतं, ते मी सांगणार नाही. जगायचं तर जवळ बसू द्यायला हवं, एवढं त्यांच्या वागण्यातून दिसलं. माणसाला मात्र आणखी एक गोष्ट करता येते. तो संकटाच्या आधीच तयारी करू शकतो. कासा पुएब्लोच्या छपरावर पट्ट्या अठरा वर्षं आधीपासून होत्या, आणि गावाचा एकमेकांवरचा विश्वास त्याहूनही जुना होता. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने आपल्या कोकणातल्या माडा-पोफळींच्या बागा आडव्या केल्या. तशी वादळं पुन्हा येणार. म्हणून पावसाळ्याआधी आपल्या वाडीत फिरून या. कोणते आजी-आजोबा एकटे राहतात, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, कुणाकडे होडी आहे आणि कुणाकडे सौरदिवा, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा.