बिनव्याजी पदवीची वाट

‘अप्रेंटिस’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आयटीआयचा मुलगा येतो. हातात पाना, कपड्यांना ऑइलचे डाग आणि एसटीच्या कार्यशाळेत किंवा रेल्वेच्या कारखान्यात वर्षभराची उमेदवारी. कॉलेजची पदवी ही वेगळी वाट आणि उमेदवारी ही वेगळी, असेच आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये २०१५ पासून या दोन वाटा एकत्र आल्या आहेत. तिथे आपल्या बारावीच्या तोडीची ‘ए लेव्हल’ परीक्षा दिलेली अठरा वर्षांची मुलगी आयबीएम, बीटी किंवा अ‍ॅमेझॉनसारख्या मोठ्या कंपनीत पगारावर लागते आणि त्या नोकरीतच तीन-चार वर्षांत विद्यापीठाची पदवी घेते. याला ‘डिग्री अप्रेंटिसशिप’ म्हणतात.

रमजानच्या दिवसांत हा विषय काढण्याचे कारण आहे व्याज. इस्लाममध्ये व्याजाला ‘रिबा’ म्हणतात. ते घेणे जसे मना आहे, तसे देणेही. हिशेबाचे हे दुखणे काही एका धर्मापुरते नाही. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते, आणि सावकाराच्या व्याजाने काय होते हे शेतकऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही.

इंग्लंडमध्ये २०१२ साली विद्यापीठाची फी वर्षाला कमाल ९,००० पौंडांपर्यंत वाढली. २०२५-२६ साठी ती ९,५३५ पौंड आहे, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक. बहुतेक मुले यासाठी सरकारी कर्ज घेतात. २०२३ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या कर्जावर महागाईच्या दराने व्याज चढते आणि फेड ४० वर्षांपर्यंत चालू शकते. हे नेहमीच्या अर्थाने व्याजच नव्हे, किंवा शिक्षणाची गरज मोठी आहे म्हणून चालेल, असे सांगणारे आलिमही आहेत. पण अनेक घरांत मन मानत नाही. कुणी शिक्षण लांबवते, कुणी नातेवाइकांकडून पैसे उभे करते, कुणी विद्यापीठाचा विचारच सोडून देते.

ही अडचण सरकारला मान्य होती. २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी बिनव्याजी पर्यायाची तयारी दाखवली. २०१४ मध्ये सरकारने लोकांची मते मागवली, तेव्हा सुमारे वीस हजार जणांनी उत्तरे पाठवली. २०१७ च्या कायद्याने सरकारला तसा अधिकारही मिळाला. तरीही २०२५ उजाडले तेव्हा ही योजना कागदावरच होती. दरम्यान शाळेत गेलेल्या मुलांची एक पिढी अठरा वर्षांची झाली.

या घरांसाठी डिग्री अप्रेंटिसशिपचे मोल इथे आहे. ती मुसलमानांसाठी काढलेली योजना नव्हे, सर्वांसाठी आहे. पण तिच्यात विद्यार्थ्याला फी भरावीच लागत नाही. २०१७ पासून ज्या कंपनीचे वर्षाचे पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे, तिला वरच्या रकमेवर अर्धा टक्का ‘अप्रेंटिसशिप लेव्ही’ भरावी लागते. विद्यापीठाची फी त्या पैशातून जाते. विद्यार्थ्याला पगार मिळतो आणि कर्जाचा प्रश्नच येत नाही.

शिकण्याची पद्धत जुन्या उस्ताद-शागिर्दाच्या नात्याची आठवण करून देणारी आहे. सुतार किंवा शिंपी आधी नवख्याला लाकूड घासायला, काजे करायला बसवतो. इथेही शिकाऊला सुरुवातीला प्रोग्राममधल्या लहानसहान चुका शोधायला, चाचण्या घ्यायला देतात. त्याने लिहिलेला कोड अनुभवी इंजिनिअर ओळ न् ओळ तपासून परत पाठवतो. आठवड्यातला साधारण एक दिवस, किंवा मधूनमधून सलग काही दिवस, विद्यापीठासाठी राखलेले असतात. सॉफ्टवेअर, सायबर सुरक्षा, डेटा विश्लेषण, नेटवर्क अशी एखादी शाखा निवडायची असते. शेवटचा मोठा प्रकल्प कंपनीतल्या खऱ्या कामावरच करावा लागतो.

ही वाट सोपी नाही. ज्या वयात मित्र कॉलेजच्या वसतिगृहात राहतात, त्या वयात याला सकाळी नऊला कामावर हजर व्हावे लागते. शनिवार-रविवार असाइनमेंटमध्ये जातात. रमजान आला की दिवस आणखी लांब होतो. पहाटे सहरी, दिवसभर मीटिंगा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनचा सूर्य संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा रोजा ऑफिसच्या टेबलावर किंवा परतीच्या गाडीतच खजुराने सोडावा लागतो. प्रबंधाची तारीख मात्र पुढे जात नाही.

दुसरी अडचण प्रवेशाची. ऑनलाइन चाचणी, व्हिडिओ मुलाखत, मग दिवसभराची गटचर्चा आणि कामाचे नमुने. जागा थोड्या आणि अर्ज फार. ज्यांच्या घरात कुणी मोठ्या कंपनीत आहे, त्यांना हे आधी कळते आणि तयारीही करून घेता येते. सामाजिक समतेवर काम करणाऱ्या सटन ट्रस्टने हेच दाखवले आहे, की गरीब घरांतल्या मुलांचा वाटा या योजनेत कमी राहतो. ज्यांना कर्जाची सर्वाधिक भीती, त्यांच्यापर्यंत हा बिनकर्जाचा मार्ग सर्वांत कमी पोहोचतो.

आपल्याकडून इंग्लंडला जाऊ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ही योजना मिळत नाही. ती सर्वसाधारणपणे तिथे काही वर्षे राहिलेल्यांसाठीच आहे. एजंटाने वेगळे सांगितले तर पैसे देण्याआधी खात्री करावी.

आपल्याकडेही याचे भाऊबंद आहेत. विप्रोने १९९५ मध्ये बिट्स पिलानीसोबत, विज्ञान पदवीधरांना नोकरी करता करता पुढची पदवी देणारा कार्यक्रम सुरू केला. एचसीएलची ‘टेकबी’ योजना तर बारावीनंतरच मुलांना घेते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये पदवीतच अप्रेंटिसशिप गुंफण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यानुसार किमान एक सत्र उद्योगात जाईल आणि त्या काळात विद्यावेतन मिळेल. तालुक्याच्या कॉलेजांतही उद्या असे अभ्यासक्रम येतील.

तेव्हा पालकांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, सही करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पदवी कोणत्या विद्यापीठाची? फी कोण भरणार, आणि त्यासाठी कर्ज काढावे लागणार का? किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही, आणि सोडली तर किती पैसे परत द्यावे लागतील? आणि रोज शेजारी बसून शिकवणारे कुणी असेल का, की शिकाऊ या नावाखाली स्वस्तातले काम करून घेतले जाईल? या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर मुलाला निर्धास्त पाठवावे.