वऱ्हाडातील मौखिक आरोग्य आणि नियमित दंततपासणी

बाळापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी दंतवैद्याकडे जाण्याचे बहुधा एकच कारण असते, ते म्हणजे असह्य झालेली दाढदुखी. वस्तुतः वेदना ही दंतरोगाची उत्तरावस्था होय. दाताच्या इनॅमल या बाह्य आवरणात चेतातंतू नसतात. तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि सामू साधारणतः ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. लाळ ही झीज काही प्रमाणात भरून काढते; परंतु तासातासाला गोड चहा घेणाऱ्याच्या तोंडात तिला ती उसंतच मिळत नाही. कीड दंतगाभ्यापर्यंत पोहोचून ठणका सुरू झाल्यावर साधे भरण पुरत नाही. हिरड्यांचा विकार तर याहूनही मूक असतो.

दंतधावनाचा संस्कार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत ते दिवसातून दोन वेळा सांगितले आहे. बाभूळ व कडुनिंबाच्या काडीचा वापरही सर्वपरिचित आहे. मात्र याच संस्काराच्या आडून तंबाखूची मिश्रीही घरोघरी शिरली. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये मनाई केली, तरी भाजलेल्या तंबाखूने दात घासण्याची सवय समूळ गेलेली नाही.

तथापि विदर्भाच्या संदर्भात अधिक चिंतेचा विषय आहे तो खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून तयार होणारा हा पदार्थ तरुणांच्या गालात तासन् तास राहतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. घोटणारे हात मात्र थांबले नाहीत. तंबाखू वगळून नुसती सुपारी खाणे निर्धोक, हा समज तर सुशिक्षितांतही आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या प्रबंधात सुपारीलाच कर्ककारक ठरविले आहे. सुपारीतील अरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतुमय ऊती साचते, गाल ताठर होतात आणि तोंड उघडेनासे होते. ही अवस्था सहसा पूर्ववत होत नाही व काही रुग्णांत तिचे रूपांतर कर्करोगात होते. तिखट सोसवेनासे होणे हे तिचे आरंभीचे लक्षण. ठेच्याशिवाय घास न उतरणाऱ्या या प्रदेशात ते तरी नजरेतून सुटू नये!

म्हणूनच नियमित तपासणीचा अर्थ केवळ दात पाहणे एवढाच नाही. दंतवैद्य जीभ, गाल, हिरड्या व टाळूही तपासतो. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासणे आणि वर्षातून किमान एकदा तपासणी करून घेणे, एवढे पथ्य निरोगी व्यक्तीस पुरेसे आहे. खर्रा खाणाऱ्यास मात्र आधी तो सोडावा लागेल. पुढील उपचारांसाठी अमरावती व नागपूर येथे दंत महाविद्यालये आहेत.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी अनेक महाविद्यालयांत होते. उंची, वजन व दृष्टी यांच्या जोडीला त्या तक्त्यात आणखी एक रकाना सहज घालता येईल. विद्यार्थ्याची स्वतःची तीन बोटे वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये उभी मावतात किंवा नाही, एवढेच त्यात नोंदवावयाचे. मावत नसतील, तर त्याला त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवावे.