इव्हेंटिंगमधील ग्रँड स्लॅम

इव्हेंटिंगमधील ग्रँड स्लॅम हा अश्वारोहणातील एक दुर्मिळ सन्मान आहे. अमेरिकेतील केंटकी आणि इंग्लंडमधील बॅडमिंटन व बर्ली या तीन स्पर्धा लागोपाठ जिंकणाऱ्या घोडेस्वारास तो दिला जातो. रोलेक्स या घड्याळ कंपनीच्या पुरस्काराने २००१ मध्ये तो सुरू झाला. तिन्ही स्पर्धा एकाच वर्षात जिंकण्याची अट नाही, मात्र मध्ये खंड पडता कामा नये. विजय एकाच घोड्यावर मिळवले पाहिजेत असेही बंधन नाही. आतापर्यंत ब्रिटनची पिपा फनेल (२००३) आणि जर्मनीचा मिखाएल युंग (२०१६) या दोघांनीच हा मान मिळवला असून दोघांनाही त्यासाठी प्रत्येकी दोन घोडे लागले.

स्पर्धेचे स्वरूप

इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याला तीन निरनिराळ्या कसोट्यांतून जावे लागते. ड्रेसाजमध्ये आखीव रिंगणात शिस्तबद्ध चाली करून दाखवायच्या असतात. क्रॉस-कंट्रीत मोकळ्या रानातून भरधाव दौडत ओंडके, चर, चढउतार आणि पाण्याचे अडथळे ओलांडायचे असतात. शेवटच्या शो-जंपिंगमध्ये किंचित स्पर्शानेही पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या घ्याव्या लागतात. गुण दंडात्मक असतात, म्हणजे ज्याचा आकडा सर्वांत लहान तो विजेता. क्रॉस-कंट्रीत घोडा अडथळ्यापुढे पहिल्यांदा अडला तर २० दंडगुण, ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाल्यास प्रत्येक सेकंदाला ०.४ आणि शो-जंपिंगमध्ये पडलेल्या प्रत्येक दांडीला ४ दंडगुण बसतात. क्रॉस-कंट्रीत स्वार घोड्यावरून पडला, तर जोडी बाद होते.

ग्रँड स्लॅमच्या तिन्ही स्पर्धा आज पाच-तारा दर्जाच्या आहेत. २०१९ पूर्वी याच सर्वोच्च श्रेणीला चार तारे होते. हे तारे हॉटेलांप्रमाणे सुखसोयींचे नसून काठिण्याचे माप आहे. या पातळीवर क्रॉस-कंट्रीचा मार्ग सहा किलोमीटरहून अधिक लांब असतो आणि मिनिटाला ५७० मीटर वेगाने तो ११ ते १२ मिनिटांत पार करायचा असतो. दुसऱ्या दिवशी शो-जंपिंगपूर्वी पशुवैद्य व पंच प्रत्येक घोड्याला कठीण जमिनीवर दुडकी चालवून तपासतात. घोडा लंगडत असेल, तर आदल्या दिवशी आघाडीवर असूनही त्याला पुढे जाऊ दिले जात नाही. त्यामुळे क्रॉस-कंट्रीनंतरची रात्र तबेल्यात घोड्याचे पाय बर्फाने शेकण्यात आणि त्याला थोडे थोडे चालवण्यात जाते. मोतद्दाराचे काम येथे स्वाराच्या कामाइतकेच निर्णायक ठरते.

एकाहून अधिक घोड्यांची गरज

ग्रँड स्लॅमची खरी अडचण दिनदर्शिकेत आहे. केंटकीची स्पर्धा एप्रिलच्या अखेरीस आणि बॅडमिंटनची त्यानंतर लगेच मे महिन्यात होते. बर्ली सप्टेंबरच्या आरंभी येते. या श्रेणीच्या एका स्पर्धेतून सावरण्यास घोड्याला आठवडे लागतात. म्हणून उत्तम घोडाही सहसा वर्षाला दोनदाच, एकदा वसंतात आणि एकदा शरदात, या पातळीवर उतरवला जातो. केंटकीत धावलेल्या घोड्याला विमानाने अटलांटिक पार आणून लगेच बॅडमिंटनला उतरवणे व्यवहारात अशक्य आहे. साहजिकच दोन्ही स्पर्धा जिंकू पाहणाऱ्याजवळ जगातील सर्वोत्तमांत गणना होईल असे किमान दोन घोडे एकाच वेळी तयार असावे लागतात. शिवाय पात्रता जोडीने मिळवायची असते. आधीच्या स्पर्धांतील किमान कामगिरी त्याच स्वाराने त्याच घोड्यावर केलेली असावी लागते, त्यामुळे ऐनवेळी दुसऱ्याचा घोडा घेऊन उतरता येत नाही.

व्यावसायिक घोडेस्वाराच्या पागेत म्हणूनच वेगवेगळ्या वयाचे आणि तयारीचे अनेक घोडे असतात. त्यांतले बरेचसे त्याच्या मालकीचे नसतात. मालक घोडा विकत घेतो व त्याचा खर्च उचलतो, आणि स्वार त्याला घडवतो. नावारूपाला आलेला घोडा मालकाने विकला, तर कित्येक वर्षांची मेहनत एका दिवसात दुसऱ्याच्या पागेत जाते. बक्षिसांच्या रकमेवर पागा चालवणे बहुतेकांना जमत नाही. तरुण घोडे तयार करून विकणे आणि शिकवण्या घेणे हा उत्पन्नाचा मोठा भाग असतो.

ब्रिटनमधील हंगाम साधारण मार्च ते ऑक्टोबर चालतो. मोठ्या स्पर्धांच्या मधल्या दिवसांत स्वार एकदिवसीय स्पर्धांना जातो, जेथे तिन्ही प्रकार एकाच दिवसात उरकतात. तीन-चार घोडे घेऊन गेलेल्या स्वाराला एका घोड्याचे ड्रेसाज संपताच पोशाख बदलून दुसऱ्यावर क्रॉस-कंट्रीसाठी चढावे लागते. प्रत्येक घोड्याचा स्वभाव निराळा असतो. एक अडथळ्याकडे झेपावतो म्हणून त्याला आवरावे लागते, तर दुसऱ्याला धीर द्यावा लागतो. स्वाराला काही मिनिटांत आपला हात आणि बैठक बदलावी लागते. मोठ्या स्पर्धेत दोन घोडे असतील, तर पहिल्यावर मार्गाचा अंदाज येतो. कोणते वळण आखूड घेता येईल किंवा कोठे वेळ वाया जातो हे पायी केलेल्या पाहणीत जितके कळत नाही तितके एका फेरीत कळते. मात्र दुसऱ्या घोड्याच्या वाट्याला अनेकदा तुडवलेली जमीन आणि थकलेला स्वार येतो. त्यातच पहिल्या घोड्यावरून पडलेल्या स्वाराला वैद्यकीय तपासणीशिवाय दुसऱ्यावर बसता येत नाही. डोक्याला मार लागला असल्यास एका पडण्याने सर्वच घोड्यांचा हंगाम थांबतो.

पिपा फनेल, २००३

फनेलने एप्रिल २००३ मध्ये प्रिमोर्स प्राइड या घोड्यावर केंटकी जिंकली. त्यानंतर लगेच मे महिन्यात तिने सुप्रीम रॉकवर बॅडमिंटन जिंकली. सुप्रीम रॉक हा अनुभवी घोडा होता. १९९९ व २००१ ची युरोपीय विजेतेपदे आणि २००२ ची बॅडमिंटन स्पर्धा तिने त्याच्यावरच जिंकली होती. सप्टेंबरात बर्लीला पुन्हा प्रिमोर्स प्राइड उतरला. मधल्या चार महिन्यांची विश्रांती आणि नव्याने केलेली तयारी त्याला पुरली. झारा फिलिप्सला मागे टाकून फनेलने ही स्पर्धा आणि २,५०,००० डॉलरचा पुरस्कार मिळवला.

या यशाचे मोल जोखताना त्या काळचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून लघु स्वरूप रूढ होत गेले. त्यापूर्वी क्रॉस-कंट्रीच्या दिवशी घोड्याला रस्त्यांवरील दुडकीचे दोन लांब टप्पे आणि स्टीपलचेसची भरधाव दौड एवढे पार केल्यानंतर मुख्य मार्गावर सोडले जाई. फनेलने तिन्ही विजय या जुन्या, अधिक दमछाक करणाऱ्या स्वरूपात मिळवले.

निसटलेल्या संधी

तिसऱ्या स्पर्धेपर्यंत पोहोचून अडखळलेल्यांची यादी या सन्मानाची कठीणता अधिक स्पष्ट करते. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू हॉयने २००६ मध्ये मूनफ्लीटवर बॅडमिंटन व बर्ली जिंकली, पण २००७ च्या केंटकीत मास्टर मोनार्कवर तो दुसरा आला. विल्यम फॉक्स-पिटने पार्कलेन हॉकवर बर्ली (२०११) आणि केंटकी (२०१२) जिंकल्यावर त्या वर्षीची बॅडमिंटन स्पर्धा पावसाने जमीन चिखलमय झाल्यामुळे रद्दच झाली. न्यूझीलंडचा अँड्र्यू निकल्सन तर तीन निरनिराळ्या घोड्यांसह या मार्गावर होता. अ‍ॅव्हबरीवर बर्ली (२०१२) आणि क्विम्बोवर केंटकी (२०१३) जिंकल्यानंतर बॅडमिंटनला तो निरिओवर तिसरा आला. २०१८ मध्ये ऑलिव्हर टाउनएंडला बॅडमिंटनमध्ये न्यूझीलंडच्या जोनेल प्राइसने मागे टाकले.

मिखाएल युंग, २०१५–१६

युंगने सॅम या घोड्यावर २०१२ चे वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले होते. २०१३ च्या बॅडमिंटनमध्ये मात्र अखेरच्या अडथळ्याची दांडी पडून त्याचे विजेतेपद हुकले. २०१५ च्या बर्लीत सॅमवर, एप्रिल २०१६ मध्ये केंटकीत फिशर रोकाना या घोडीवर आणि मे महिन्यात बॅडमिंटनला पुन्हा सॅमवर विजय मिळवून त्याने ग्रँड स्लॅम पूर्ण केला. पुरस्काराची रक्कम तोवर ३,५०,००० डॉलर झाली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने सॅमवरच रिओ ऑलिंपिकचे सुवर्णपदक राखले.

भारतीय संदर्भ

ग्रँड स्लॅमच्या शर्यतीत भारतीय घोडेस्वार अद्याप आलेला नाही, परंतु अनेक घोड्यांवर हंगाम पेलण्याचे उदाहरण बेंगळुरूच्या फवाद मिर्झाने घालून दिले आहे. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ज्या सेन्यो मेडिकॉटवर त्याने वैयक्तिक रौप्यपदक मिळवले, तो घोडा नंतर दुखापतीमुळे बाहेर राहिला. २०१९ मध्ये टोकियो ऑलिंपिकचे पात्रतागुण त्याने फर्नहिल फेसटाइम आणि टचिंगवूड या घोड्यांवर जमवले. प्रत्यक्ष टोकियोला २०२१ मध्ये बरा झालेला मेडिकॉटच त्याच्यासोबत उतरला आणि या जोडीने अंतिम फेरी गाठून २३ वे स्थान मिळवले.