ब्रॉन्क्स ते वाळवंडे : रॅपच्या सात खमंग गोष्टी

जामसरला रेंज मिळाली की मोबाइलवर मुंबई-पुण्याचा रॅप वाजतो, आणि जव्हार तालुक्याच्याच वाळवंड्यात तारपा. या दोन्हींचं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे. कसं, ते बघा.

१. जन्मतारीख पाठ, पत्ताही पाठ
हिप-हॉपचा वाढदिवस ११ ऑगस्ट १९७३. ठिकाण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली १५२०, सेजविक अॅव्हेन्यू ही इमारत. जमैकातून आलेल्या डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने तिकीट लावून पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०! गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात, हे हर्कने हेरलं होतं. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या आणि तोच तुकडा आलटून-पालटून लांबवत नेला. रॅपची पेटी-तबला जी काही म्हणायची, ती हीच.

२. गायकही तोच, निर्माताही तोच
हार्लेमच्या कर्टिस ब्लोने १९७९ मध्ये मर्क्युरी कंपनीशी करार केला. बड्या कंपनीने करारबद्ध केलेला हा पहिला रॅपर. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द ब्रेक्स’ला गोल्ड रेकॉर्डचा मान मिळाला. मग गडी काचेच्या पलीकडे जाऊन बसला आणि ‘फॅट बॉइज’सारख्यांचे रेकॉर्ड तयार करू लागला. स्प्राइटच्या जाहिरातीत झळकला तो वेगळाच. आणि उतारवयात? चक्क चर्चमध्ये धर्मोपदेशक!

३. दादामुनींची गाडी आधीच सुटली होती
ब्रॉन्क्सच्या त्या पार्टीला अजून पाच वर्षं अवकाश होता, तेव्हा १९६८च्या ‘आशीर्वाद’ चित्रपटात अशोककुमार ‘रेलगाडी’ धडाधड म्हणून मोकळे झाले होते. शब्द हरीन्द्रनाथ चट्टोपाध्याय यांचे. हिंदी रॅप असं नाव लावून बाजार गाजवला तो मात्र १९९२ मध्ये बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने.

४. एक टोळी, भाषा अनेक
मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप टोळीत कुणी मराठीत तोंड उघडतं, कुणी हिंदीत, कुणी गुजरातीत. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात तर या पोरांनी कर्नाटक संगीतातले बोलही रॅपमध्ये मिसळले. २०१९च्या ‘गली बॉय’मधलं ‘इंडिया ९१’ हे याच संगतीचं फळ.

५. रॅपमध्ये आदिवासी आवाज
‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात स्वदेसीने माइक दिला प्रकाश भोईर यांना. भोईर आरेच्या केलटीपाड्याचे, आदिवासी समाजाचे आणि तिथल्या जंगलासाठी लढणारे कार्यकर्ते. शहरी ठेका आणि पाड्यावरचा गळा एकाच ट्रॅकवर!

६. ते बंड मुळात १९४५चं
गाण्याच्या नावातला उठाव आपल्याच मुलखातला. १९४५च्या मे महिन्यात झरी गावी वारली जमले आणि वेठबिगारी करणार नाही असं ठरवून उठले. सोबत शामराव आणि गोदावरी परुळेकर. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं, त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

७. जव्हारचा खरा बीट-मास्टर
स्वतःचा आवाज स्वतः घडवायचा, हा रॅप निर्मात्यांचा हट्ट. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हेच करत नव्वदीपार गेले. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि जोडायला मेण, झाला तारपा तयार! २०२६च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. तारपावाला मधे, नाचणारे त्याच्याभोवती. तो वळेल तिकडे फेर वळतो. हर्कच्या पार्टीत तरी वेगळं काय होतं?

फरक एकच. हर्कचा ठेका तबकडीवर फिरायचा, रॅपरला ओळ संपली की दम घेता येतो. तारपावाल्याला ती सवलत नाही. नाकाने श्वास ओढायचा आणि त्याच वेळी गालातली हवा फुंकत राहायची, कारण सूर तुटला की फेर थांबला. एक मिनिट करून बघा, मग सांगा अस्सल ‘फ्लो’ कुणाचा!